डागाची जागा

बाजाराचा दिवस असल्यामुळे आरोग्य केंद्राच्या पडवीत दाटी होती. मळ्यातली भाजी विकून झालेल्या बायका रिकाम्या टोपल्या पायाशी ठेवून बाकावर बसल्या होत्या. एक मुलगी तेवढी उभी होती. सहा-सात वर्षांची, अंगापेक्षा मोठा परकर, एका हातानं खांब धरलेला. शेजारच्या बाईनं सरकून जागा करून दिली तरी ती बसली नाही.

डॉक्टर अंजना सरकटेनं ते आतून पाहिलं. वाशीम तालुक्यातल्या या केंद्रावर येऊन तिला वर्ष होत आलं होतं. त्याआधी आणीबाणीत नसबंदीची गाडी याच आवारात उभी राहायची. गाडी गेली तरी तिची भीती मागे राहिली होती. सुरुवातीचे महिने पडवीत कुत्री झोपायची. आता कुठे बायका लेकरं घेऊन यायला लागल्या होत्या.

मुलीचा नंबर आला. सोबतची बाई नीटनेटकी होती, डोक्यावरचा पदर सारखा करून बोलणारी.

"भागिरथा नाव हाय. भागी म्हंतो आमी. माह्या जावेची हे. दीर गेला, जाऊ पाट लावून रिठदले गेली. मंग आमीच करून राह्यलो तिचं."

पाट लावून गेलेल्या बाईनं पहिल्या घरचं लेकरू सोबत न्यायचं नाही, ही रीत अंजनाला सांगावी लागली नाही. तिनं विचारलं, "काय झालंय हिला?"

"डाग देला बाई. चुकलं. तुमी रागावता, माहीत हाय मले. पन पोटात गोळा उठला व्हता तिच्या, रडू रडू जीव देत व्हती. आता थो डाग पिकला."

डाग या शब्दाशी अंजनाचं भांडण होतं. लेकराचं पोट फुगलं, धाप लागली, दूध टाकलं की तापवलेल्या दाभणानं पोटावर डाग द्यायचे, हा या भागातला जुना इलाज. गावात ते काम प्रयागबाई नावाची म्हातारी करायची. न्यूमोनियानं निळं पडलेलं एक तान्हं बाळ बेंबीभोवतीच्या ताज्या डागांसकट अंजनाच्या टेबलावर गेलं होतं. त्यानंतर तिनं पंचायत समितीला लिहिलं, पोलीस पाटलाकडून दवंडी पिटवली, आणि डाग दिसलेल्या प्रत्येक आईला रागावण्याचा नेम धरला. बायका आता तिच्यापुढे येताना रागावून घ्यायच्या तयारीनंच येत.

ही बाई, तुळसाबाई, तशीच आली होती. अंजना बोलली, तिनं मान खाली घालून ऐकलं. उलट उत्तर नाही, शेजारणीवर ढकलणं नाही. एवढी निमूट ऐकणारी बाई क्वचित यायची, आणि अंजनाला तिच्याबद्दल बरंच वाटलं. जखम मांडीच्या मागच्या बाजूला होती. तिच्यावर हळद आणि राख थापलेली, खाली पू. पोटात गोळा उठला तर डाग मांडीला कसा, हा प्रश्न त्या गर्दीत तिला सुचला नाही. तिनं जखम धुतली, पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं आणि पुन्हा यायला सांगितलं.

तुळसाबाईनं पुन्हा आणलं. सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळी.

या खेपेला सूज उतरली होती. पाण्यानं भिजवून खपली निघाली आणि जखम पहिल्यांदा उघडी दिसली. तिला कडा होती. एक बाजू सरळ, दुसरी तिला काटकोनात येऊन मिळणारी. दाभणाचा डाग म्हणजे बारीक रेघ असते. ही रेघ नव्हती, हा एका सपाट वस्तूचा कोपरा होता. अंजनानं परकर आणखी वर सरकवला. वर एक काळा पडलेला डाग होता, त्याच आकाराचा. त्याच्या वर एक पांढरट, जुना. तीन वेगवेगळ्या वेळच्या जखमा, आणि तिन्ही अशा जागी, जी परकराखाली झाकलेली राहते आणि लेकराला स्वतःला दिसत नाही.

"तुळसाबाई, बाहेर जानरावकडून उकळलेलं पाणी घेऊन या."

जानराव कंपाउंडर होता. तो कोणतीही गोष्ट लवकर देत नसे. दार लोटल्यावर अंजना मुलीपुढे खाली बसली. नागपूरच्या शिक्षणात तिची बोली झिजली होती, ती आता तिनं मुद्दाम आणली.

"भागे, हे कायनं भाजलं वं?"

मुलीनं परकर खाली ओढला.

"दाभणानं?"

मुलीनं मान हलवली. नाही.

"मंग?"

"सराट्यानं." भाकर उलथायचा तो सराटा. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. मग डॉक्टरीणबाईला चांगली बातमी सांगावी तशी पुढे म्हणाली, "आता मी नाई मुतत हातरुनात."

दारात तुळसाबाई पाणी घेऊन उभी होती. तिनं ऐकलं की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून समजलं नाही.

ओपीडी संपल्यावर अंजना जानरावला सराट्याचं सांगून म्हणाली, "ही पोलीस केस आहे. मी कळवणार आहे."

जानराव बाटल्यांची बुचं लावत होता. "बाई, चूल त्यायची, सराटा त्यायचा, पोट्टी त्यायची. पोलीस येऊन कायले हात लावतीन?"

"तापलेल्या वस्तूनं इजा केली तर कलम आहे."

"कलम हाय. कलम मंबईले हाय, नागपूरले हाय." त्यानं बूच दाबून बसवलं. "येथी गुलाबराव हाय. पोलीस पाटील, अन् नथ्थूच्या चुलत्याचा साडू. नथ्थू म्हंजे या बाईचा नवरा."

"म्हणून कळवायचं नाही?"

"कळवा ना. मी त फक्त सांगून राह्यलो. दोन बाया येत व्हत्या दवाखान्यात, त्याच्या वीस झाल्या. आता पुन्हा कुत्रे झोपतीन."

अंजनानं ठाण्याला कळवलं. जखमांची जागा, आकार, कडा, वय, सगळं तिनं नेमक्या शब्दांत लिहिलं. आपल्या तर्काचं एकही वाक्य त्यात येऊ दिलं नाही, कारण जे दिसतं ते पुरेसं आहे असं तिला वाटत होतं.

बरेच दिवस काही झालं नाही. भागीलाही कोणी आणलं नाही. मग एका सकाळी शिपाई सांगायला आला, जमादारसाहेब चावडीवर बोलावतात, आरोपी सापडली.

चावडीच्या ओट्यावर जमादार माणिकराव खुर्चीवर बसले होते. बाजूला पोलीस पाटील गुलाबराव, पांढरंशुभ्र धोतर, तोंडात पान. खाली एका अंगाला नथ्थू आणि तुळसाबाई, मध्ये भागी. आणि समोर जमिनीवर, दोन्ही हात गुडघ्यांत घालून, प्रयागबाई. तिच्यापुढे कागदावर एक दाभण ठेवलेलं होतं.

"या डाक्टरीनबाई," जमादार खुशीत म्हणाले. "तुमची तक्रार आली, अन् हे पाहा, मुद्देमालासकट हजर केली. तुमचं मांगलं पत्रबी होतं पंचायत समितीले, डागनं बंद करा म्हनून. दोनी कामं एका फेरीत झाले."

अंजनानं दाभणाकडे पाहिलं. "मी यांची तक्रार केलेली नाही."

"डागाचीच केली ना? भाजलं म्हनून लिवलं तुमी. गावात भाजते कोन? हे म्हातारी."

भिंतीशी बसलेली माणसं हसली. प्रयागबाईही हसली.

"जमादारसाहेब, या जखमा डागाच्या नाहीत."

"मंग कायच्या?"

मग अंजनानं समजावून सांगितलं. वर्गात शिकवावं तसं, एकेक गोष्ट वेगळी करून. डाग देतात तो दुखण्याच्या जागी. पोट दुखत असेल तर पोटावर, बेंबीच्या भोवती. रेघा बारीक असतात, आखूड असतात, एकमेकींपासून सारख्या अंतरावर असतात. एकाच दिवशी दिलेल्या असतात म्हणून एकाच वेळी भरतात. या मुलीच्या जखमा मांडीच्या मागे आहेत, रुंद आहेत, त्यांना कोपरा आहे, आणि त्या वेगवेगळ्या महिन्यांतल्या आहेत. कोणताही डाग देणारा माणूस अशा जागी डाग देत नाही.

नथ्थू जमिनीकडे पाहत होता. गुलाबराव पान चघळायचे थांबले होते. सगळ्यांत लक्षपूर्वक ऐकत होती ती तुळसाबाई. तिची मान आज खाली नव्हती. एखादी बाई नवीन कशिदा शिकताना दुसरीच्या बोटांकडे पाहते, तशी ती अंजनाच्या हातांकडे पाहत होती.

"का वं प्रयागे," जमादार म्हणाले, "हे डाग तुहे नाई म्हंते बाई."

अंजनाला वाटलं, आता सुटेल. म्हातारीनं फक्त खरं सांगायचं होतं, आणि खरं सांगण्यातच तिची सुटका होती.

प्रयागबाई ताठ बसली. "माहे नाई? मंग कोनाचे? या गावात डाग म्हंजे माह्याच हातचा. माह्या सासूनं देला, मंग मी देतो. दुसरं कोन डाग देऊन राह्यलं येथी? नाव सांगा त्याचं!"

"आजी, मांडीच्या मागं तुम्ही कधी डाग दिला आहे का?"

"दुखनं पाहून जागा ठरते. तुमी सुई ढुंगनावर टोचता, मंग काय दुखनं तेथीच राह्यते काय?"

आता सगळी चावडी हसली. जमादार मांडीवर थाप मारून हसले. अंजनानं पाहिलं, म्हातारीचे डोळे चमकत होते. दवंडी पिटवल्यापासून तिला कोणी बोलवत नव्हतं, निदान उघड बोलवत नव्हतं. आज सरकारचा माणूस तिच्यासाठी चालून आला होता आणि गावानं तिचं हुन्नर ऐकून घेतलं होतं. न केलेली जखमही ती सोडायला तयार नव्हती.

"आजी, तुम्ही हे कबूल करताय, याचा अर्थ समजतो का तुम्हाला?"

"समजते ना. तुमी माहं पोट बंद केलं, आता हातबी दुसऱ्याचा सांगता."

"मुलीला विचारा," अंजना जमादाराला म्हणाली. "पण इथे नको. एकटीला विचारा."

"लेकराले काय कोठडीत नेऊ?" जमादार ओट्यावरूनच वाकले. "ए पोरी, कोनं देला वं तुले डाग?"

भागीनं वर पाहिलं. सगळी माणसं ज्या बाजूला पाहत होती त्या बाजूला तिनं पाहिलं आणि बोट केलं. प्रयागबाईकडे.

गुलाबराव पान थुंकून आले. ते अंजनाशी नेहमीच अदबीनं बोलत. "बाई, एक सांगू? तुमच्या समाजाच्या पोरी शिकल्या, डाक्टर झाल्या, आमाले आनंद हाय. पन कोनाच्या घरात सराटा कोठी ठेवते, हे पाहाचं काम डाक्टरचं नसते. बिनमायची पोट्टी सांभाळून राह्यली ते बाई. उद्या ते म्हनन, घेऊन जा हिले डाक्टरीनबाई. तुमी नेता काय?"

नेते, असं अंजनाला म्हणता आलं नाही. सरकारी क्वार्टरमध्ये ती एकटी राहत होती, आणि भागी कोणाची हे सांगणारा चुलता समोर बसला होता.

जमादारांनी प्रयागबाईला समज दिली. दाभण कागदात गुंडाळून शिपायाजवळ दिलं. प्रकरण मिटलं.

सराटा हा शब्द आपण चावडीत उच्चारलाच नव्हता, तक्रारीतही लिहिला नव्हता, हे घरी आल्यावर अंजनाच्या लक्षात आलं. गुलाबरावांना तो कुणी सांगितला होता?

तिनं अकोल्याला वरिष्ठांकडे लिहिलं. उत्तर आलं की तपास पोलिसांचा विषय आहे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यानं गावाशी सलोखा ठेवावा. कुटुंब नियोजनाचं काम आधीच मागे पडलेलं आहे. मग एका रविवारी ती एस्टीनं रिठदला गेली.

भागीची आई, लिलाबाई, कडेवर वर्षाचं पोर घेऊन हौदावर धुणं धूत होती. अंजनानं भागीचं नाव घेतलं तशी तिनं आधी मागं घराकडे पाहिलं.

"बाई, हळू बोला."

अंजना हळू बोलली. लिलाबाई धुणं आपटायची थांबली नाही. ऐकता ऐकता तिचे हात जोरात चालायला लागले. पाणी दोघींच्या अंगावर उडालं.

"तुम्ही एकदा येऊन सांगा, की मुलगी मला हवी आहे—"

"कोनाले सांगू? येथी तिचं नाव घेतलं का हा मानूस म्हंते, जा मंग तिकडंच. तेथी गेली त ते म्हंतीन, तुहा काय संबंध." तिनं पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं. "मले कायले सांगतलं तुमी? मले माहीत नव्हतं तं बरं होतं."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "चालता येते ना तिले?"

"येतं."

"मंग होईन मोठी," लिलाबाई म्हणाली, आणि बादली उचलून आत गेली.

जानरावचं म्हणणं खरं ठरलं. पडवीतली गर्दी ओसरली. म्हातारीला पोलिसांसमोर बसवणारी बाई म्हणून आता लोक अंजनाला ओळखत होते. लेकरांना डाग मिळतच राहिले, फक्त दवाखान्यात दिसेनासे झाले. दाभणं बाजारात रगड मिळतात, जानराव म्हणाला. ज्या बायका येत त्या खोकल्याला, खरजेला येत, आणि लेकराचं अंगडं वर करायला सांगितलं की हात घट्ट धरून बसत.

भागीला ती अधूनमधून लांबून पाही. मळ्याच्या वाटेवर डोक्यावर मेथीचा भारा, पुढे तुळसाबाई. मुलगी नीट चालत होती. तेवढ्यावरून काही अनुमान काढता येत नव्हतं.

ज्वारी काढून झाली त्या सुमारास तुळसाबाई आपणहून दवाखान्यात आली. भागीचा हात धरून, डोक्यावरचा पदर सारखा करत.

"डाग देला बाई. चुकलं. पोट लय दुखत व्हतं तिचं."

अंजनानं मुलीला टेबलावर निजवलं आणि पोलकं वर केलं.

बेंबीच्या भोवती चार रेघा होत्या. बारीक, आखूड, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. चारही एकाच दिवसाच्या.

ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. दाभण, की सराट्याची कड? कड पातळ असते, तीही अशीच रेघ उठवू शकते. प्रयागबाईनं चोरून दिलेला खरोखरीचा डागही असाच दिसला असता. खरंच पोट दुखलं असेल, हेही अशक्य नव्हतं. कोर्टात उभं करून कोणी विचारलं असतं, तर सांगता येत नाही, एवढंच तिला शपथेवर सांगता आलं असतं. चावडीवर तिनं खऱ्या डागाच्या ज्या खुणा एकेक करून सांगितल्या होत्या, त्यांतली एकही इथे चुकलेली नव्हती.

तिनं मांड्या तपासल्या. नवीन काही नव्हतं.

"पोट दुखत होतं वं भागे?"

"हव," मुलगी म्हणाली. तिनं छताकडे पाहत म्हटलं. तुळसाबाई पाणी आणायला बाहेर गेली नव्हती, आणि तिला बाहेर पाठवण्यात आता अर्थ नव्हता.

अंजना या वेळी रागावली नाही. ती म्हणाली, "पोटाची जखम आहे. रोज पट्टी बदलावी लागेल. एक दिवस चुकला तरी पिकेल, आणि पोटात पू गेला तर जीव जाईल."

त्यातलं शेवटचं पुरतं खरं नव्हतं. तुळसाबाईनं मान डोलावली, आणि शब्द पाळला. रोज ती मुलीला आणू लागली. अंजना रोज जखम धुवायची, आणि धुता धुता सगळं अंग पाहून घ्यायची, पाठ, काखा, तळवे, केसांखालचं डोकं. केंद्रात आलेल्या दुधाच्या भुकटीचं दूध करून जानराव पेला आणून द्यायचा. त्याला तसं सांगितलेलं नव्हतं. मुलगी दूध प्यायची, काकी दारात उभी राहायची. त्या दिवसांत मुलीच्या अंगावर नवीन काहीही उठलं नाही. रोज कोणीतरी पाहणार आहे, एवढं पुरत होतं.

पण जखम स्वच्छ होती, आणि लहान मुलाची कातडी लवकर भरते. कडांनी गुलाबी पापुद्रा धरला, तो आत सरकू लागला. अंजना पट्टी उघडायची आणि कालच्यापेक्षा कमी जखम पाहायची. औषध बदलून बरं होणं लांबवता आलं असतं. कसं, हे तिला माहीत होतं. तिनं तसं केलं नाही. मुलीच्या अंगावर आणखी एका माणसानं मुद्दाम जखम ठेवायची, हे तिच्या हातून होणार नव्हतं.

शेवटी चार पांढरट रेघा उरल्या. तुळसाबाईनं वाकून पाहिलं.

"आता उद्यापासून नाई आनलं त चालते ना बाई?"

अंजनानं पुन्हा एकदा जखमेवरून बोट फिरवलं. ओल नव्हती, सूज नव्हती, दाबलं तर दुखत नव्हतं.

"पंधरा दिवसांनी एकदा आणा," ती म्हणाली. "नुसतं दाखवायला."

"दाखवाले?" तुळसाबाई हसली. तिचं हसणं गोड होतं. "काय दाखवाचं आता? बरं झालं ना."

बरं झालं होतं. तिनं भागीचं पोलकं खाली ओढून सारखं केलं, तिचा हात धरला आणि दोघी पडवी उतरून मळ्याच्या वाटेला लागल्या.